बाबूराव पेंटर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर (३ जून, १८९० - १६ जानेवारी, १९५४) हे मराठी चित्रकार, शिल्पकार, चित्रपट-दिग्दर्शक आणि कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे संस्थापक होते. 'कलामहर्षी' या उपाधीने ते ओळखले जातात. मूकपटांच्या काळात पौराणिक आणि ऐतिहासिक नायक त्यांनी पडद्यावर उभे केले. स्वतः रंगवलेली पोस्टरे आणि छायाचित्रांसह छापलेल्या माहितीपुस्तिका यांच्या द्वारे हे नायक त्यांनी चित्रपटगृहाबाहेरही लोकांपर्यंत पोहोचवले. त्यांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. त्यामुळे एके काळी निव्वळ जाहिरात म्हणून छापलेला कागद हा त्यांच्या कार्याचा एक महत्त्वाचा पुरावा ठरला आहे.

जन्म आणि जडणघडण

बाबूरावांचा जन्म कोल्हापुरात कारागिरांच्या घरात झाला. वडील कृष्णराव मेस्त्री हे हस्तकौशल्यासाठी परिचित होते. लाकूड, धातू, माती आणि रंग ही साधने बाबूरावांनी घरातच हाताळली. चित्रकलेचे रीतसर शालेय शिक्षण त्यांना मिळाले नाही. निरीक्षण आणि सराव हेच त्यांचे गुरू होते.

त्या काळचे कोल्हापूर कलेला अनुकूल होते. छत्रपती शाहू महाराजांच्या राज्यात कुस्ती, संगीत, नाटक आणि चित्रकला या सर्वांना आश्रय होता. आबालाल रहिमान यांच्यासारखे श्रेष्ठ चित्रकार याच नगरीत राहत होते. दुसरीकडे, राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून निघणाऱ्या शिळाप्रेसवरील रंगीत चित्रांमुळे देवदेवता आणि पुराणातील वीर सामान्य माणसाच्या घराच्या भिंतीवर आले होते. मूळ चित्र विकत घेण्याची ऐपत नसलेल्या माणसालाही आवडत्या नायकाचे छापील रूप जवळ बाळगता येते, ही गोष्ट त्या पिढीच्या अंगवळणी पडली होती. बाबूरावांच्या पुढील कार्याची ही पार्श्वभूमी लक्षात घेण्याजोगी आहे.

नाटकांचे पडदे

नात्याने बंधू असलेले आनंदराव मेस्त्री आणि बाबूराव यांनी १९१० नंतरच्या काळात संगीत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवण्याचे काम केले. राजवाडा, अरण्य, रस्ता, देऊळ अशी दृश्ये ते मोठ्या कापडावर अशी रंगवीत की सपाट पृष्ठभागाला खोली असल्याचा भास होई. या कामामुळे दोघांची कीर्ती पसरली आणि 'पेंटर' हेच त्यांचे आडनाव होऊन बसले.

३ मे, १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. आनंदराव आणि बाबूराव या नव्या माध्यमाने भारावून गेले. त्यांनी प्रक्षेपक मिळवून काही काळ चित्रपट दाखवण्याचा उद्योग केला. त्याच वेळी स्वतःचा कॅमेरा तयार करण्याचे प्रयत्नही सुरू झाले. हे काम अपुरे असतानाच १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले आणि पुढची जबाबदारी एकट्या बाबूरावांवर आली.

कॅमेरा आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी

बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने कॅमेऱ्याचे काम चालू ठेवले. १९१८ मध्ये चालू स्थितीतील कॅमेरा तयार झाला. परदेशी यंत्र विकत घेण्यापेक्षा ते समजून घेऊन स्वतः घडवणे, हा कारागिराच्या घरातला संस्कार येथे उपयोगी पडला.

१ डिसेंबर, १९१७ हा महाराष्ट्र फिल्म कंपनीचा स्थापना दिवस मानला जातो. गायिका तानीबाई कागलकर यांनी कंपनीला अर्थसाहाय्य केले, तर शाहू महाराजांचा तिला आश्रय लाभला. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, बाबूराव पेंढारकर आणि पुढे व्ही. शांताराम अशी मंडळी कंपनीत आली. कंपनी हे एक प्रकारचे गुरुकुलच होते. येथे आलेल्या तरुणाला नेपथ्य रंगवणे, रसायनशाळेतील काम, अभिनय आणि प्रसंगी साफसफाई, असे पडेल ते काम करून कला शिकावी लागे.

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' ७ फेब्रुवारी, १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. फाळके यांच्या पहिल्या चित्रपटात स्त्रीभूमिका पुरुषांनी केल्या होत्या. 'सैरंध्री'त मात्र कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी दोन स्त्रियांनी काम केले. बाळासाहेब यादव आणि झुंझारराव पवार हेही कलावंतांत होते. भीमाने केलेला कीचकवध पडद्यावर इतका खरा वाटला की ते दृश्य परिनिरीक्षणात वगळावे लागले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी देऊन त्यांचा गौरव केला.

पडद्यावरचे पराक्रमी नायक

आजच्या प्रेक्षकाला अतिमानवी शक्तीचा नायक म्हटले की परदेशी चित्रपटांतील मुखवटाधारी वीर आठवतो. १९२० च्या दशकातील मराठी प्रेक्षकासाठी हे स्थान भीम, श्रीकृष्ण आणि घटोत्कच यांचे होते. 'सुरेखाहरण' (१९२१) हा चित्रपट बलरामाच्या कन्येचा विवाह अभिमन्यूशी व्हावा म्हणून घटोत्कचाने रचलेल्या मायेच्या कथेवर आधारलेला होता. यातील श्रीकृष्णाच्या भूमिकेतून व्ही. शांताराम प्रथम पडद्यावर आले. रूप पालटणे, अदृश्य होणे, क्षणात नगर उभे करणे असे चमत्कार या कथेत आहेत. कीर्तनात ऐकलेले असे चमत्कार दाखवण्याची सोय कॅमेऱ्याच्या युक्त्यांमुळे झाली.

पौराणिक नायकांबरोबर ऐतिहासिक नायकही आले. हरिभाऊ आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवर आधारित 'सिंहगड' (१९२३) हा त्यांतील सर्वांत गाजलेला चित्रपट होय. तानाजी मालुसरे यांची रात्रीची चढाई चित्रित करण्यासाठी बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. भारतीय चित्रपटातील असा हा आरंभीचा प्रयत्न मानला जातो. या चित्रपटाला लोटलेली गर्दी पाहूनच सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, असे सांगितले जाते.

या वीरांची ओळख महाराष्ट्रातील मुलांना चित्रपटाच्या आधीपासून होती. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर कुंभाराकडून आणलेले मातीचे मावळे मांडण्याची प्रथा घराघरांत होती. सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज, भालदार आणि तोफ ओढणारे शिपाई ही त्या किल्ल्याची चित्रे म्हणजे मराठी मुलांची वीरनायकांची खेळणीच होती. किल्ल्यावर जे निश्चल उभे होते, ते 'सिंहगड'सारख्या चित्रपटाने हलताना दाखवले. परदेशी चित्रपटांच्या बाबतीत आधी नायक पडद्यावर येतो आणि मागाहून त्याचे खेळणे बाजारात येते. येथे क्रम उलटा होता.

पोस्टर आणि पुस्तिका

बाबूरावांनी चित्रपटाच्या नेपथ्यात मोठा बदल केला. रंगवलेल्या सपाट पडद्यांऐवजी त्यांनी भरीव, सर्व बाजूंनी पाहता येतील असे देखावे उभारले. चित्रीकरणापूर्वी पात्रांची वेशभूषा, हालचाल आणि उभे राहण्याची ढब ते कागदावर रेखाटून ठेवीत. पोस्टर हा याच कामाचा पुढचा भाग होता.

तोवर चित्रपटाची जाहिरात मुख्यतः मजकुराच्या हस्तपत्रकांनी होत असे. चित्रपटाचे नाव, खेळाची वेळ आणि तिकिटाचे दर एवढाच त्यात मजकूर असे. बाबूरावांनी आपल्या चित्रपटांसाठी स्वतः आकर्षक, पण अभिरुचीला धरून असलेली पोस्टरे रंगवली. १९२१-२२ पासून त्यांनी चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिका प्रेक्षकांना देण्यास आरंभ केला.

मूकपटाच्या काळात या दोन्ही वस्तूंना व्यावहारिक महत्त्व होते. चित्रपटात आवाज नव्हता आणि मधूनमधून येणाऱ्या पाट्या वाचता येणारे प्रेक्षक थोडे होते. अक्षरओळख नसलेल्या माणसाला पोस्टर चित्राच्या भाषेत निमंत्रण देई. पुस्तिकेमुळे वाचता येणारा एखादा माणूस घरातल्या किंवा आळीतल्या चारजणांना कथानक सांगू शके. तिचा आणखी एक उपयोग होता. चित्रपट एकदा गावातून गेला की पुन्हा पाहण्याचा मार्ग नसे. घरी चित्रफीत लावून पाहणे ही तर कल्पनेपलीकडची गोष्ट होती. अशा वेळी ट्रंकेत जपून ठेवलेली पुस्तिका हीच चित्रपटाची घरी नेता येणारी आठवण होती.

याच सुमारास पश्चिमेकडेही चित्रपटाशी निगडित वस्तूंची बाजारपेठ आकार घेत होती. चार्ली चॅप्लिन यांच्या प्रतिमेच्या बाहुल्या पहिल्या महायुद्धाच्या काळात विकल्या जात होत्या आणि १९३० च्या दशकात मिकी माऊसची खेळणी जगभर पसरली. बाबूरावांच्या पुस्तिकांमागे असा वस्तुविक्रीचा उद्योग नव्हता. तरी पडद्यावरची प्रतिमा प्रेक्षकाच्या हातात देण्याची त्यामागची जाणीव त्याच जातीची होती.

कल्याण खजिना

१९२४ साली आलेला 'कल्याण खजिना' हा चित्रपट दोन कारणांसाठी उल्लेखनीय आहे. पहिले कारण त्याचे कथानक. कल्याणहून निघालेला खजिना हस्तगत करणे आणि सुभेदाराच्या सुनेला शिवाजी महाराजांनी सन्मानाने परत पाठवणे, हा मराठी लोकपरंपरेतील अत्यंत प्रसिद्ध प्रसंग आहे.

या प्रसंगाला उत्तर कोकणाच्या इतिहासाची बैठक आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण आणि भिवंडी घेतली आणि १६५८ च्या आरंभी माहुली किल्ला स्वराज्यात आणला. माहुली हा आजच्या ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात येतो. कल्याण बंदरातून देशावर जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटा आजच्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतूनच जात. एक वाट थळघाटाने नाशिककडे जाई, तर दुसरी मुरबाडमार्गे नाणेघाट चढून जुन्नरला पोहोचे. कल्याणच्या संपत्तीचे आणि त्यासाठी झालेल्या संघर्षांचे महत्त्व या भूगोलावरून ध्यानात येते. या भागातील वाचकासाठी 'कल्याण खजिना' ही आपल्याच घाटवाटांच्या परिसरातली कथा आहे.

दुसरे कारण या चित्रपटाचे पोस्टर होय. आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या सचित्र भारतीय चित्रपट-पोस्टरांत त्याची गणना केली जाते. भिंतीवर चिकटवण्यासाठी आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पोस्टरखाली झाकले जाण्यासाठीच जो कागद छापला गेला, तो शंभर वर्षांनंतर कलेच्या इतिहासाचे साधन झाला आहे.

सावकारी पाश

१९२५ मध्ये बाबूरावांनी 'सावकारी पाश' हा चित्रपट काढला. कथा नारायण हरी आपटे यांची होती. सावकाराच्या कर्जापायी जमीन गमावणारा आणि पोटासाठी शहरात गिरणीकामगार होणारा शेतकरी हा या चित्रपटाचा विषय आहे. झुंझारराव पवार यांनी सावकाराची, तर व्ही. शांताराम यांनी तरुण शेतकऱ्याची भूमिका केली. या चित्रपटात देव, राक्षस किंवा सेनापती नव्हते. होती ती अंधारी झोपडी आणि कर्जाचा कागद. भारतीय चित्रपटातील वास्तववादाचा आरंभ म्हणून अभ्यासक या चित्रपटाकडे पाहतात.

चमत्कार आणि शौर्य पाहण्यास सरावलेल्या प्रेक्षकांनी मात्र त्याला अपेक्षित प्रतिसाद दिला नाही. कंपनीला पुन्हा पौराणिक आणि ऐतिहासिक विषयांकडे वळावे लागले. पराक्रमी नायकाची प्रतिमा लोकप्रिय करण्यात सर्वांत मोठा वाटा ज्या कलावंताचा होता, त्यालाच त्या प्रतिमेबाहेरचा नायक स्वीकारायला लावणे साधले नाही. तरीही बाबूरावांनी हा विषय सोडला नाही. १९३६ साली त्यांनी 'सावकारी पाश' बोलपटाच्या रूपात पुन्हा काढला.

कंपनीचा अस्त आणि उत्तरायुष्य

१ जून, १९२९ रोजी विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. बाबूरावांच्या हाताखाली घडलेले प्रमुख सहकारी एकाच वेळी बाहेर पडल्यामुळे महाराष्ट्र फिल्म कंपनीची घडी विस्कटली. १९३१ मध्ये 'आलम आरा' प्रदर्शित होऊन बोलपटांचे युग सुरू झाले आणि मूकपटांबरोबर ही कंपनीही इतिहासजमा झाली. प्रभातने १९३३ मध्ये पुण्यास स्थलांतर केले आणि तेथे भारतीय चित्रपटसृष्टीत मानाचे स्थान मिळवले.

बाबूरावांनी त्यानंतर शालिनी सिनेटोनसाठी 'उषा' (१९३५), 'सावकारी पाश' (१९३६) आणि 'प्रतिभा' (१९३७) हे बोलपट दिग्दर्शित केले. १९४७ सालच्या 'लोकशाहीर राम जोशी' या चित्रपटामुळे त्यांचे नाव पुन्हा गाजले. शिष्य व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिरने हा चित्रपट निर्माण केला होता आणि दिग्दर्शनात गुरुशिष्य दोघांचीही नावे येतात. 'विश्वामित्र' (१९५२) हा त्यांचा उत्तरकाळातील चित्रपट होय. या काळात चित्रकला आणि शिल्पकला या आपल्या मूळ कलांकडे ते अधिक वळले होते. १६ जानेवारी, १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

चित्रपट गेले, कागद राहिला

त्या काळची चित्रफीत नायट्रेटची असे. ती अत्यंत ज्वालाग्राही असून काळाच्या ओघात तिचे विघटन होते. शिवाय बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारात मोल उरले नाही. फितीतील चांदीसाठी त्या विकल्या गेल्याची उदाहरणे जगभर आढळतात. परिणामी भारतातील बहुसंख्य मूकपट नष्ट झाले. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांपैकी 'मुरलीवाला' (१९२७) आणि 'सती सावित्री' (१९२७) यांसारख्या मोजक्या चित्रपटांची दृश्येच काय ती शिल्लक आहेत. 'सैरंध्री'तील कीचकवध, 'सिंहगड'ची रात्र आणि मूक 'सावकारी पाश'मधील झोपडी आज कोणालाही पाहता येत नाही.

अशा स्थितीत पोस्टरे, पुस्तिका, स्थिरचित्रे आणि वृत्तपत्रांतील जाहिराती यांना निराळे महत्त्व येते. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय चित्रफितींबरोबर ही सामग्रीही जतन करते. पोस्टरावरून चित्रपटातील वेशभूषा आणि प्रसंगांची निवड समजते, तर पुस्तिकेवरून कथानक, कलावंतांची नावे आणि कधी कधी प्रदर्शनाचे स्थळ कळते. न पाहिलेल्या चित्रपटाचा इतिहास अभ्यासकांना अशा तुकड्यांतून जुळवावा लागतो.

जुन्या चित्रपटांशी निगडित वस्तूंविषयी लोकांना वाटणारी ओढ अलीकडे वाढली आहे. मुंबईच्या चोरबाजारात हाताने रंगवलेली पोस्टरे आणि बोलपटांच्या गाण्यांच्या चोपड्या संग्राहक शोधत फिरतात. परदेशात जुन्या वीरनायकांच्या बाहुल्या आणि पत्र्याच्या डब्यांना लिलावात किंमत येते, तशीच किंमत आता अशा कागदांनाही येऊ लागली आहे. यामागे बालपणाची ओढ असते हे खरेच. परंतु परदेशी वीरनायकाचे खेळणे हरवले तरी त्याचा चित्रपट बहुधा कोठेतरी उपलब्ध असतो. बाबूरावांच्या चित्रपटांबाबत तसे नाही. येथे आठवणीची वस्तू हरवली, तर जिच्यासाठी ती ठेवली होती ती कलाकृतीही दुसऱ्यांदा हरवते. रद्दीत गेलेली एखादी पुस्तिका म्हणजे एखाद्या मूकपटाविषयीची अखेरची माहितीही असू शकते.

वारसा

कोल्हापुरातील खरी कॉर्नर परिसरात, महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या स्मरणार्थ, कॅमेरा मानस्तंभ उभारण्यात आला आहे. दामले, फत्तेलाल आणि शांताराम यांच्या कार्यातून बाबूरावांची परंपरा प्रभात आणि राजकमलपर्यंत पोहोचली. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटाचा व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात गौरव झाला.

पोस्टरकलेची परंपराही कोल्हापुरात टिकली. जी. कांबळे यांच्यासारख्या चित्रकारांनी पुढील काळात चित्रपटांची भव्य पोस्टरे रंगवून ख्याती मिळवली. कांबळे यांनी रंगवलेले शिवाजी महाराजांचे चित्र महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. संगणकावर तयार केलेले फलक आल्यानंतर हाताने पोस्टर रंगवण्याचा व्यवसाय जवळपास संपुष्टात आला आहे.

निवडक चित्रपट

सैरंध्री (१९२०)
सुरेखाहरण (१९२१)
सिंहगड (१९२३)
सती पद्मिनी (१९२४)
कल्याण खजिना (१९२४)
सावकारी पाश (१९२५, मूकपट)
मुरलीवाला (१९२७)
सती सावित्री (१९२७)
उषा (१९३५)
सावकारी पाश (१९३६, बोलपट)
प्रतिभा (१९३७)
लोकशाहीर राम जोशी (१९४७)
विश्वामित्र (१९५२)